रेक्झीनची शेपूट

मेलेल्या जनावराची मला लहानपणापासून किळस, आणि नोकरीची अठ्ठावीस वर्षं मी मेलेली जनावरंच पुसली. परभणीच्या एका कॉलेजात झूलॉजीच्या लॅबला शिपाई होतो. कागदावर प्रयोगशाळा परिचर, तोंडानं सगळ्यांचा मामा. बरण्यांत बुडवलेले साप, पोट फाडून फळीवर ठोकलेला बेडूक, पेंढा भरलेला कोल्हा, एक डोळा गळून पडलेलं घुबड, असा सगळा संसार माझ्या ताब्यात. फॉर्मलीन बदलायचं, डांबरगोळ्या टाकायच्या, धूळ झटकायची. तो वास अंगातून जायचा नाही. भाकरी तोंडाजवळ नेली की हाताला यायचा.

गेल्या महिन्यात त्याच लॅबमध्ये मला परत बोलावलं. तिथं माझ्या मेलेल्या बायकोला काय कळत होतं आणि काय कळत नव्हतं, हे रजिस्टरात लिहायची वेळ आली. म्हणून हे लिहायला बसलो. हौस म्हणून नाही.

किळस कुठून आली ते आधी सांगतो. आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. माझा बाप तेव्हा तरणा होता. शेवटचा बैल ओढून आल्यावर विहिरीवरून आणवलेल्या पाण्यानं किती वेळ हात धुतले, हे तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा. गावानं लय दिवस अडवून बघितलं. दुकानातून मीठ देईनात. तरी वस्तीतल्या कोणी परत दोरी धरली नाही. अशा घरात मी वाढलो, सातवी पास झालो, शिपायाची नोकरी लागली. बाप खूश. आणि पहिल्याच दिवशी विभागाचे सर हेडक्लार्कला म्हणाले, "ह्याला म्युझियमला टाका. ह्यांना सवय असते."

कशाची सवय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नोकरी नवी होती.

हे सर शिकलेले, मोठ्या घरचे, बोलायला गोड. चारचौघांत मला मामा म्हणायचे, लॅबचं दार लागलं की अरे-तुरे. दातात अडकलेली सुपारी ते डिसेक्शनच्या सुईनं काढायचे आणि सुई परत ट्रेमध्ये टाकायचे. मी ती धुवायचो. पण माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. म्हणायचे, "फॉर्मलीनचा वास येतो तुझ्या हाताला." मी साबणानं दोनदा हात धुऊन ग्लास भरला तरी येतच होता त्यांना तो वास. बाकीच्या मास्तरांना माझ्याच हातच्या चहाला कधी आला नाही.

एका साली निजामाच्या काळातली एक शाळा पाडली. तिथलं जुनं सामान आमच्या कॉलेजला आलं. नकाशे, मोडके तराजू, आणि काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं एक जनावर. घुशीहून जरा मोठं, अंगानं ठेंगणं, तपकिरी. कान एवढेसे, नखं लांब, पुढं दोन पिवळे दात. पायाशी इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिचा पुढचा अर्धा भाग कसरीनं खाल्लेला. उरलेल्या भागावर बीव्हर एवढंच वाचता येत होतं. कोणत्या साहेबानं कुठून आणून दिलं, कोणाला माहीत नाही.

सरांनी चिठ्ठी वाचली, जनावर बघितलं नाही. रजिस्टरात चढवलं, बीव्हर.

बीव्हर म्हणजे थंड मुलखातलं, पाण्यात लाकडं रचून बांध घालणारं जनावर, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकात त्याचं चित्र होतं. मागच्या पायाला बदकासारखे पडदे, आणि शेपूट ही अशी रुंद, चपटी, खवल्याखवल्यांची. आमच्या जनावराला शेपूटच दिसत नव्हती. आणि पुस्तकात लिहिलं होतं बीव्हर शेळीएवढा होतो.

मी म्हणालो, "सर, हे तर लहानच हाय."

"पिल्लू आहे."

"अन् शेपूट?"

"तुटली असेल आणताना. तुला काय करायचं? पूस ते."

ते तसंच राहिलं असतं. पण मग तपासणी समिती यायची ठरली. सगळ्या कॉलेजला रंग लागला. सरांनी समितीला आधीच लिहून पाठवलं होतं की आमच्या म्युझियममध्ये मराठवाड्यात कुठंच नसलेला बीव्हर आहे. आणि आता बीव्हरला शेपूट नाही. शेपूट नसलेला बीव्हर म्हणजे सोंड नसलेला हत्ती, समितीतला कोणीही विचारणार.

सरांनी मला बोलावलं. पुस्तक उघडून चित्र पुढं केलं. "ही अशी एक शेपूट कर."

"मी कशी करू, सर?"

"का? तुम्हा लोकांना कातड्याचं काम येतं की."

मी म्हणालो, येत नाही. माझ्या बापाला येत नव्हतं, तो ढोरं ओढायचा, कातडं कमावणारे वेगळे. आणि आम्ही ते ओढणंही सोडून तीसेक वर्षं झाली होती मी नोकरीला लागलो तेव्हा. हे सगळं मी सांगितलं. सरांनी सुपारी चावता चावता ऐकलं आणि म्हणाले, "बघ बाबा. समितीनं विचारलं तर मला सांगावं लागेल की शेपूट होती, शिपायानं झाडताना तोडली. सरकारी वस्तूचं नुकसान. मग मला बोल लावू नको."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. हात साफ, बोलणं त्याहून साफ. चौथीपर्यंत शिकलेली, पण तिला कोणी अडाणी म्हटलं की समोरच्याची धडगत नव्हती.

"कातडं माझ्या घरात येणार न्हाई," ती म्हणाली. "सरांचं असो की सरांच्या बापाचं."

"मग काय करू?"

"चित्र आना ते."

पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. मी चित्रावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं काढून आणलं. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला.

"ही शेपूट हाय का उलथनं?"

"शेपूट हाय. पाण्यावर आपटतंय ते."

"कामून आपटतंय?"

"मला काय माहीत. मी काय बीव्हर हाय का?"

"असता तर बरं झालं असतं, पाण्यात तरी राहिला असता. वास तरी गेला असता."

तिनं रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून काळ्या रेक्झीनचा तुकडा आणला. आत सायकलच्या ट्यूबचे दोन थर आणि वर मशीनची टीप. वाकळेला घालतात तशी चौकड्यांची टीप तिनं त्या रेक्झीनवर घातली, लहान लहान, आडवी उभी तिरकी. लांबून बघितलं की खवले वाटायचे. दोन दिवस दुसऱ्या कोणाचा ब्लाउज तिनं हातात घेतला नाही.

शेपूट जनावराला लावायचं काम माझं होतं. मी सुई घेऊन गेलो आणि तशीच परत आणली. त्या मेलेल्या कातड्याला सुई टोचायची मला हिंमत झाली नाही. पुसणं वेगळं. तिला सांगितलं तर हसली नाही. रविवारी कॉलेजला सुट्टी होती, मी किल्ली घेतली आणि तिला घेऊन गेलो. तिनं पदर नाकाला बांधला, जनावर उलटं केलं, आणि शेपटीच्या जागी बोट फिरवायला लागली.

मी खिडकीजवळ उभा. माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

"आवो, इकडं या."

"काय?"

"ह्याला शेपूट हाय की."

"कुठं?"

"हे बगा. केसांत झाकलीय. पेराएवढी. तुटलेली न्हाई, टोकाला केस हायेत सगळे. तुटली असती तर टोकाला केस असते का? ह्याची शेपूट एवढीच हाय, जन्मानंच." मग तिनं मागचे पाय धरून पंजे फाकवले. "अन् पाण्यातलं म्हणत होता ना? पडदे कुठं हायेत? हे तर घुशीचे पाय हायेत, उकरायचे. अन् पिल्लू म्हणे. दात बगा, पार झिजून गेलेत. म्हातारं हाय हे."

मी बघितलं. सगळं खरं होतं. इतके दिवस रोज पुसायचो मी ते, आणि किळस येते म्हणून डोळे दुसरीकडं करून पुसायचो. माझ्या बायकोनं एकदाच नीट बघितलं.

"मग हे बीव्हर न्हाई," ती म्हणाली. "दुसरंच काय तरी हाय."

सोमवारी सकाळी मी सरांना सांगितलं. बायकोनं बघितलं असं नाही सांगितलं आधी, मग सांगितलं. सरांना हसू आलं. "तुझी बायको आता मला झूलॉजी शिकवणार?" मग हसू गेलं. "शेपूट लाव म्हणालो ना? लाव. परवा समिती आहे."

संध्याकाळी परत दोघं गेलो. तिनं सुईत दोरा ओवला. मीच म्हणालो, "खोटं हाय गं हे."

"खोटं हाय. पण तुमची नोकरी खरी हाय."

तिनं शेपटीच्या बुडाशी रेक्झीनचा एक लहान खिसा शिवून आणला होता, आतून मऊ कापड लावून. खऱ्या शेपटीचा तो खुंट तिनं केसासकट त्या खिशात घातला आणि मग बाजूबाजूनं टाके घेतले. मी विचारलं, कशाला एवढं? म्हणाली, "त्याची खरी शेपूट कामून मोडायची? त्यानं काय केलंय?"

समिती आली. त्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी शेपटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उत्तम जतन." सरांनी मान झुकवली. मी दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभा होतो, तो ठेवून मोरीवर गेलो आणि चूळ भरली. पुढं कितीतरी वर्षं पोरापोरींनी त्या शेपटीचं चित्र जर्नलमध्ये काढलं. माझ्या बायकोची मशीनची टीप त्यांनी चौकडी-चौकडी करून काढली आणि बाण काढून लिहिलं, खवले. सरांनी सही केली.

मी रिटायर झालो. सर माझ्या आधीच झाले होते. मी आणि बायको परभणीजवळ पिंगळीला येऊन राहिलो.

बायको जाऊन आता आठ महिने झाले. शुगर होती. आधी पायाचं बोट काळं पडलं, मग पाय, मग बाकीचं. शेवटचे दोन महिने तिच्या पायाची पट्टी मी बदलायचो. घाण वास यायचा, पू यायचा. मला किळस आली नाही. एक दिवस पण नाही. ती म्हणायची, "तोंड फिरवा, तुमाला सोसत न्हाई." मी म्हणायचो, गप बस. आता लोक भेटायला येतात, चहा पितात, आणि म्हणतात, "कसं केलं हो तुमी ते सगळं, आमच्याच्यानं झालं नसतं." त्यांच्या त्या तोंडाची मला किळस येते. एक जण तर बशीतला चहा फुरकता फुरकता विचारत होता, वास लय यायचा का म्हणून. त्याला मी परत चहा दिला नाही.

अशात कॉलेजातून एका मॅडमचा फोन आला. नवीन लागलेल्या, कोवळा आवाज.

"मामा, म्युझियम तुम्ही सांभाळत होता ना? एका नमुन्याविषयी विचारायचं होतं. तो बीव्हर."

"शेपटीचं काय?"

मग मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे?"

"माझ्या घरात शिवली ती."

मी गेलो. लॅब तीच, वास तोच. मॅडमनी हातात रबराचे मोजे घातले होते, तोंडाला पट्टी. टेबलावर पांढऱ्या कागदावर ते जनावर, आणि शेजारी शेपूट, उसवलेली. कोपऱ्यातल्या खुर्चीत आमचे सर. ऐंशीच्या पुढं गेलेत, पण सुपारी सुटली नाही. मॅडमनी त्यांनाही बोलावलं होतं, जुने तज्ज्ञ म्हणून.

मी जवळ जाऊन जनावराला हात लावायला लागलो तर मॅडमनी थांबवलं. "मामा, हात नका लावू. जुन्या नमुन्यांना विष लावलेलं असायचं, कीड लागू नये म्हणून. तुम्ही मोजे घालायचात ना?"

मी सरांकडं बघितलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. "तेव्हा कुठं हे सगळं होतं," ते म्हणाले.

मॅडमनी मला समजावून सांगितलं, सरांना सांगावं तसंच. हा बीव्हर नाही. ह्याचं इंग्रजी नाव माउंटन बीव्हर आहे, त्यातला पहिला शब्द चिठ्ठीवरून खाल्ला गेला. पण नाव तसं असलं तरी तो बीव्हरच्या कुळातला नाही, आणि उंच डोंगरातलाही नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडं ओल्या जंगलात बिळं करून राहतो. शास्त्रज्ञांनी आधी त्याला कुठंकुठं बसवून बघितलं, आता खारीच्या बाजूला ठेवतात. त्याची दाढ बाकी सगळ्या उंदरा-घुशींपेक्षा वेगळी, बाहेरच्या बाजूला एक टोक निघालेलं असतं. फाटलेल्या ओठातून त्यांनी बॅटरी धरून मला ते टोक दाखवलं.

"आणि हे बघा," म्हणून त्यांनी एक काचेची पट्टी पुढं केली. त्यावर एक वाळलेली पिसू. तुरीच्या दाण्याहून मोठी. केस विंचरताना सापडली. जगातली सगळ्यात मोठी पिसू, आणि ती ह्याच जनावराच्या अंगावर राहते. मॅडमला लय आनंद झाला होता. माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं ते झाडलं मी, कधी हाताला लागली असेल. त्या किड्याला पण ठाऊक होतं आपण कुणाच्या अंगावर बसलोय.

"ह्याच्या कुळातले बाकी सगळे संपलेत," मॅडम म्हणाल्या. "जमिनीत हाडं सापडतात फक्त. हा एकटाच उरलाय."

"काय खातो?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पाला, नेचे. आणि स्वतःची मऊ लेंडी परत खातो."

मी दोन पावलं मागं सरकलो.

मग मॅडम शेपटीवर आल्या. "मला एक गोष्ट कळत नव्हती. आत खिसा आहे, मऊ कापडाचा. त्यामुळं खरी शेपूट जशीच्या तशी राहिली, एक केस मोडला नाही. तीच बघून मला पहिली शंका आली. ज्यानं शिवली त्याला खुंट दिसला होता का?"

मी तोंड उघडायच्या आधी सर बोलले. गोड आवाजात, पूर्वीसारखाच. "मॅडम, ते सोडून द्या. मामांनी स्वतःच्या मनानं केलं ते, समितीच्या गडबडीत. मी त्या दिवसांत रजेवर असेन. बीव्हर म्हणजे चपटी शेपूट, एवढंच ऐकलेलं ह्यांनी. अज्ञान, दुसरं काय. घरच्या बाईला शिवायला दिली. तिला बिचारीला काय कळणार? आपण ह्यांना दोष द्यायचा नाही. हात मात्र चांगले असतात हं ह्या लोकांचे कातड्यात."

"कातडं न्हवतं ते," मी म्हणालो. "रेक्झीन होतं."

"तेच ते."

मॅडमनी दोघांकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं तसं. रविवार, खुंट, पंजे, दात, सोमवारी सरांचं हसणं. सर मधे मधे मान हलवत होते, लहान लेकराची कागाळी ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "वय झालं मामा तुमचं. आणि परवाच घरातून गेल्यात ना? माणूस हलतं अशानं."

बायको गेलेली त्यांना कळलं होतं. दोन शब्द बोलायला मात्र ते इतक्या महिन्यांत आले नव्हते. ती गेलेली इथं मात्र त्यांच्या कामाला आली.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. त्या चांगल्या आहेत, उगाच म्हणणार नाही. म्हणाल्या, "मामा, शेपटीविषयी मला एक नोंद करावी लागणार. नमुन्याचा इतिहास लिहावाच लागतो. सर म्हणतात तसं लिहिलं, की अज्ञानातून जोडली, तर विषय संपतो. कोणाला काही विचारत नाहीत. तुम्ही म्हणता तसं लिहायचं तर काकूंना खुंट दिसला होता आणि तरीही शेपूट लावली, असं होतं. म्हणजे माहीत असून खोटा नमुना केला. ते तुमच्या दोघांवर येतं. सर नाही म्हणतात, कागद काही नाही. विचार करून सांगा."

मी स्टुलावर बसलो. त्याच स्टुलावर ती बसली होती टाके घालताना.

गोष्ट सरळ होती. अडाणी म्हणून लिहिलं तर माझी बायको निर्दोष. शहाणी म्हणून लिहिलं तर गुन्हेगार. मधलं काही नव्हतं. सरांनी वाट फार मऊ करून ठेवली होती, नुसतं मान हलवायचं होतं मला. मेलेल्या माणसाला अडाणी म्हटलं तर तिला कुठं ऐकू येणार? आणि मी तर इतकी वर्षं मान हलवतच होतो ह्या माणसापुढं. त्याची सुई धुतली. माझ्या हाताला वास येतो म्हणाला, ऐकून घेतलं.

पण तिनं नीट बघितलं होतं. एवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांत त्या जनावराला उलटं करून नीट बघणारी ती एकटी होती. तेवढंच तिचं होतं ह्या सगळ्या घाणीत, आणि तेच खोडायचं म्हणत होते. वर दया केली म्हणून आभार मानायचे.

"लिवा," मी म्हणालो. "तिला कळलं होतं. तिनं मला सांगितलं, मी सरांना सांगितलं. तिला कळून लावली, मला कळून लावली, सरांना कळून लावली. तिघांचं लिवा. दोघांचं लिहिलं तर मी सही करणार न्हाई."

"मामा," सर म्हणाले.

"तुमी बोलू नका. तुमचं झालं बोलून."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं बोललो. आवाज चढला नव्हता. सरांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

त्यांनी माझ्या नावानं जबाब लिहिला, पान भरून. बायकोनं काय काय बघितलं ते क्रमानं लिहिलं. खुंटाच्या टोकाला केस, मागच्या पायाला पडदे नाहीत, दात झिजलेले. खिसा का शिवला ते पण लिहिलं. खाली सरांचं म्हणणं वेगळं लिहिलं, त्यांना मान्य नाही म्हणून. सर सही न करता उठले. शिपायानं, म्हणजे आत्ताच्या शिपायानं, त्यांना हात धरून जिन्यापर्यंत नेलं.

मी वाचत बसलो. मला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. मॅडम थांबल्या. शेवटी नेहमीची ओळ होती, वरील मजकूर मला वाचून दाखवला व तो मला मान्य आहे.

"हे खोडा," मी म्हणालो. "वाचून कोणी न्हाई दाखवला. मी वाचला."

त्यांनी खोडलं. मी वाचला, असं लिहिलं. मी सही केली.

"मामा, चौकशी वगैरे काही आली तर तुम्हाला त्रास होईल."

"येऊ द्या. घरीच असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी फोन. मी भाकरी भाजत होतो. एका हातानं उचलला.

"हे बरं नाही केलंस तू," ते म्हणाले. मामा नाही, लॅबचं दार लागलेलं होतं. "मी तुझं सोपं करायलो होतो. बायको गेली तुझी, आता तिला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"काय मिळालं तुला? तिचं नाव चोरात गेलं."

"तुमच्या शेजारी गेलं," मी म्हणालो. "तेवढंच वाईट वाटतंय."

ते पुढं बोलत राहिले. तोंडात सुपारी होती, कुडुम कुडुम ऐकू येत होतं फोनमधून, ओलं. तेवढा वेळ भाकरी एका बाजूनं करपली. मी फोन ठेवला, मोरीवर गेलो आणि कान साबणानं धुतला.